चौलच्या बंदरावर उतरलेला रशियन काय जेवला?

परदेशात गेलं की तिथलं स्थानिक खाऊन बघा, असा सल्ला हल्ली सगळेच देतात. आज आपण जरा उलटं बघू. आपला किनारा ज्यांच्यासाठी 'परदेश' होता, ते लोक इथे येऊन काय खात होते? आणि मुळात, खाऊ शकत होते का?

अलिबागहून दक्षिणेला निघालात की रेवदंड्याच्या अलीकडे चौल लागतं. आज नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं, तळी असं शांत गाव. पण ग्रीक-रोमन लोकांना हे बंदर ठाऊक होतं. अरब त्याला 'सैमूर' म्हणायचे. इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, आणि मसूदीच्या मते बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. त्याच्या लक्षात राहिलं ते विड्याचं पान! पान, चुना, सुपारी, त्याने लाल होणारे दात, याबद्दल तो कुतूहलाने लिहितो. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण आजचा आपला माणूस वेगळा. अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला, तर आस्त्राखानजवळ लुटला गेला. हात हलवत घरी परतायचं तर कर्ज डोक्यावर. मग हा बाकू, इराण, होर्मूझ असं करत करत एक घोडा घेऊन गलबतात चढला आणि मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला. साल साधारण १४६९. काही अभ्यासक १४७१ धरतात. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पाव शतकाहून आधी. तेव्हा इथे बहमनी राजवट होती. घोडे समुद्रापलीकडून यायचे आणि चढ्या भावाने विकले जायचे, म्हणून ही घोड्याची उठाठेव.

चौलला उतरल्यावर त्याने पहिलं काय नोंदवलं? लोक उघडेच फिरतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात. आणि मी जाईन तिथे गर्दी मागे येते, गोऱ्या माणसाचं नवल करत. प्रवासी बघायला आला आणि गाव त्यालाच बघत बसलं!

तिथून तो पालीकडून घाट चढून जुन्नरला गेला. पावसाळा तिथेच काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. परदेशी व्यापारी मुसाफिरखान्यात उतरायचे, तिथली बाई रांधून घालायची. आणि इथे त्याच्या लिखाणात आपल्या ओळखीचा शब्द येतो: खिचडी. गंमत बघा, ही पहिली खिचडी माणसाच्या ताटात नाहीये. घोड्याच्या पुढ्यात आहे! घोड्यांना हरभरे घालतात, आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, अशी नोंद. माणसांची खिचडी पुढे येते, लोणी घातलेली. भात, खिचडी, लोण्या-दुधात शिजवलेल्या पालेभाज्या. उजव्या हाताने खातात, डाव्याने कधीच नाही. सुरी धरत नाहीत, चमचा माहीत नाही. एवढं सगळं नीट लिहून गडी निकाल देतो की यांचं जेवण काही चांगलं नाही.

आता यावर रागावण्याआधी एक हिशोब मांडू. त्याच्या ताटात काय नव्हतं? मिरची नव्हती. बटाटा, टोमॅटो, काजू, काहीच नव्हतं. हे सगळं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या गलबतांतून नंतर आलेलं. पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला तो १५२१ मध्ये. तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी, आल्याचा, आंबटपणा चिंच-कोकमाचा. आपण ज्याला 'अस्सल पारंपरिक कोकणी' म्हणतो त्या लालभडक कालवणाची निकितीनशी भेटच झाली नाही. माझ्या मते 'पारंपरिक' हा शब्द वापरताना कुठल्या सालापासून, हे विचारायला हरकत नसावी.

दारूबद्दलही तो लिहितो. मोठ्या नारळांपासून दारू करतात, आणि दुसरं एक पेय 'तातना'त करतात. हा शब्द अभ्यासक ताडाशी जोडतात. माडी आणि ताडी, दुसरं काय!

एके ठिकाणी तो म्हणतो की हिंदू मांस खात नाहीत, मासेही नाहीत. कोळीवाड्यातल्या श्रोत्यांनो, थांबा! ते वर्णन घाटावरच्या मुक्कामातलं आणि पर्वताच्या, म्हणजे श्रीशैलाच्या यात्रेच्या संदर्भातलं. दुसरीकडे तो स्पष्ट लिहितो की काही जण बकरं, कोंबडी, मासे, अंडी खातात; गोमांस मात्र कुठल्याच पंथाचे लोक खात नाहीत.

खरा पेच चवीचा नव्हताच. पेच होता कोणाबरोबर जेवायचं हा. जुन्नरला असदखानाला कळलं की हा मुसलमान नाही. त्याने घोडा जप्त केला. धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही. मुदत चार दिवस. खुरासानच्या एका मुहम्मद नावाच्या खोजाने रदबदली केली म्हणून निकितीन सुटला, घोडाही परत मिळाला.

तो स्वतः खोजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. त्यामुळे हिंदू त्याच्यापासून लांब राहायचे. प्रवासात प्रत्येकाची स्वतःची हंडी. मुसलमानाने भांड्यात डोकावलं तरी ते अन्न टाकायचं. काही जण तर कापडाखाली झाकून घेऊन जेवायचे. पुढे बीदरला त्याने ओळखीच्या हिंदूंना सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. तेव्हापासून, तो लिहितो, त्यांनी आपलं जेवण, व्यापार, पूजा, बायका, काहीच माझ्यापासून लपवलं नाही. आपल्याला त्या काळच्या ताटाची एवढी बारीक माहिती मिळते ती या कबुलीमुळे.

आणि त्याचं स्वतःचं ताट? धर्मग्रंथ लुटीत गेलेले. ईस्टर कधी, उपास कधी, कळायला मार्ग नाही. तो आकाशातले तारे बघून अंदाज बांधायचा. शेवटी मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलाही उपास धरायचा आणि त्यांच्याबरोबरच सोडायचा. एका उपासात मांस नाही, दूध नाही, दिवसातून दोनदा भाकरी आणि पाणी. चार ईस्टर असे परमुलखात गेले, याचं दुःख त्याने फार कळवळून लिहिलंय. मध्येच त्याची रशियन सुटते आणि तुर्की-फारसी शब्दांत प्रार्थना येते. माणूस आतून किती बदलत चालला होता, हे त्याच्या भाषेत दिसतं.

तो दाभोळहून परत निघाला, पण त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वह्या मात्र मॉस्कोला पोचल्या. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' हा हिंदी-रशियन सिनेमा आला, नर्गिस होती त्यात. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभही आहे.

पुढच्या भागात खाडी ओलांडून कोर्लईला जाऊ. तिथे आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, आणि मिरचीची गोष्टही तिथूनच सुरू करू.