तळे कशासाठी बांधले होते?

जालना जिल्ह्याच्या नकाशावर नैसर्गिक सरोवर शोधायला बसलात तर हाती काही लागत नाही. शेजारच्या बुलढाण्यात लोणार आहे, पण ते उल्कापाताने झालेले. इकडे बसाल्टचे पठार, वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. पडलेले पाणी पूर्णा, दुधना, कुंडलिका यांतून गोदावरीकडे निघून जाते. त्याला थांबवायचे तर कोणीतरी आडवा बांध घालावा लागतो. त्यामुळे इथल्या पाणथळ जागांचा इतिहास हा बांध घालणाऱ्यांचा आणि गाळ काढणाऱ्यांचा इतिहास आहे. माणसाने बांधलेले असणे हीच गोष्ट आज या जागांच्या मुळावर आली आहे.

सुरुवात मोती तलावापासून करू. निजामाच्या मुलखातील औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८४ साली छापले गेले. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडला. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार जमशेदखानाकडे होता. त्याने गावाच्या पश्चिमेला मोठे तळे बांधले आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणले, अशी नोंद आहे. भरभराटीच्या दिवसांत गावाला पाच तळी होती, असेही गॅझेटिअर सांगते. मलिक अंबर १६२६ साली वारला, म्हणजे ही व्यवस्था चारशे वर्षांपूर्वीची. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या बाजारपेठेमुळे पडली, पण पाण्याशिवाय बाजारपेठ कुठली? सराईत उतरणाऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या बैलांना आधी हौद लागतो.

पुढे निजामकाळातच शहरासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. तो उंचावर आहे, त्यामुळे पाणी उताराने गावात येई. पंपाची गरज नव्हती. आज त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे आणि ते शोभते, कारण २०१२-१३च्या दुष्काळात तलाव कोरडा पडला तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो गाळ नेऊन शेतात पसरला. मराठवाड्यातला हा जुनाच व्यवहार: तळ्याची खोली वाढते, हलक्या रानाला माती मिळते.

आता यात ‘पाणथळ’ काय आहे? तलावाचे पाणी सगळे मोजतात. टक्केवारी रोज छापून येते. पाणथळ जागेचा जीव मात्र काठावर असतो. पावसाळा संपला की पाणी हळूहळू मागे सरकते आणि चिखलाची पट्टी उघडी पडते. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात. शेकाट्या, तुतवार यांच्यासारखे पक्षी त्यावर हिवाळा काढतात, कारण त्यांच्या पायांना आणि चोचींना बोटभर-वीतभर पाणीच झेपते. लडाख-तिबेटकडून चक्रवाक उतरतात. कडेचे पाणकणीस आणि लव्हाळा वाहून आलेला गाळ अडवतात, सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद शोषतात. याच उघड्या पडलेल्या जमिनीवर माणूसही गाळपेर करत आला आहे. पाणी वर्षभर एकाच पातळीला राहिले तर यातले बरेचसे होणार नाही.

ही गोष्ट शेततळ्याशी ताडून पाहा. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. जालन्याच्या शेतीतले ते मोठे यश आहे. पण प्लास्टिक अंथरलेल्या, सरळ उताराच्या शेततळ्याला काठ नसतो. पाणी जमिनीत मुरत नाही, चिखल होत नाही, वेत उगवत नाही. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही निळेच दिसतात. एक टाकी आहे, दुसरी पाणथळ जागा.

कायद्याने हा फरक कसा पाहिला? १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ जागेच्या व्याख्येत ‘नैसर्गिक किंवा कृत्रिम’ दोन्ही घेतले. भारत १९८२ साली त्यात सामील झाला. आपल्या २०१० च्या नियमांत जलाशय आणि तलाव हे शब्द नावानिशी होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्रोच्या नकाशातल्या, २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना त्याच नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितले. या मोजणीत मानवनिर्मित तलावही धरलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम आले. त्यांनी रामसरचीच व्याख्या घेतली आणि शेवटी एक अपवाद जोडला: खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि खास सिंचनासाठी बांधलेल्या रचना यांत धरायच्या नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. व्याख्येच्या शेवटी जोडलेली अशी एक अट किती नोंदी गाळून टाकते, हे आमच्या धंद्यात चांगलेच ठाऊक असते. केरळच्या खाजणांना किंवा काश्मीरच्या सरोवरांना या अटीची फारशी झळ लागत नाही. जालन्यात मात्र तिच्यानंतर यादीत जवळजवळ काहीच उरत नाही, कारण इथले प्रत्येक तळे कोणाच्या तरी तहानेसाठी किंवा पिकासाठी बांधलेले आहे. आणि गंमत अशी, की महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर आहे. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळे झाले. जायकवाडीही १९७६ साली सिंचनासाठी पूर्ण झाली आणि दहा वर्षांत, १९८६ मध्ये, पक्षी अभयारण्य ठरली. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब धरण कोणत्या खात्याचे हे विचारत नाही.

अपवादामागचा विचार मला कळतो. पिण्याच्या तलावाची भिंत दुरुस्त करायला किंवा गाळ काढायला प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागली तर गाव तहानेने मरेल. पण तळ्याचा उपयोग कायम राहत नाही. जालना शहराच्या पाण्याचा मोठा भार आज जायकवाडीच्या जलवाहिनीवर आहे. दूरचे पाणी नळाला आले की जवळच्या तळ्याकडे पाहणारे डोळे कमी होतात. सांडव्याची झाडलोट थांबते, बेशरम माजते, कडेला राडारोडा पडतो आणि एके दिवशी कोणाला तरी तिथे प्लॉट दिसू लागतात. बांधताना पिण्यासाठी होते म्हणून पाणथळ जागा नाही, आणि आता कोणी पीत नाही म्हणून पाणीपुरवठाही नाही. गॅझेटिअरमधल्या पाच तळ्यांचे काय झाले याचे उत्तर बहुधा याच फटीत आहे.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. तळे कशासाठी बांधले होते, यापेक्षा आज तिथे काय जगते आणि किती पाणी मुरते, हे नोंदवायला हवे. नगरपालिका आणि गावे यांच्या हातात एवढे तरी आहेच: पुराच्या रेषेपर्यंतची हद्द मोजून दगड रोवणे, सांडपाणी वळवणे, आणि गाळ काढताना एका बाजूचा उथळ काठ तसाच सोडणे. यंत्राने सगळीकडून खोल, उभे कापलेले तळे जास्त पाणी धरते, पण त्याचा हौद होतो. जमशेदखानाने हौद गावात बांधले होते आणि तळे गावाबाहेर ठेवले होते. दोन्हींची कामे वेगळी आहेत, एवढे आपल्यालाही लक्षात ठेवता येईल.