टेनिस-वेशभूषा (१९७० चे दशक)

टेनिस-वेशभूषा (१९७० चे दशक) : व्यावसायिकांना खुल्या झालेल्या टेनिसच्या सुरुवातीच्या वर्षांत खेळाडूंच्या पोशाखात झालेले बदल आणि त्यांतून मैदानाबाहेर पसरलेली क्रीडावेशाची फॅशन. या दशकात पांढरा रंग मागे पडला आणि रंगीत कपडे आले, असे सामान्यतः सांगितले जाते. हे वर्णन अपुरे आहे. अमेरिकेतील स्पर्धांना ते काही प्रमाणात लागू पडते. परंतु ज्या कपड्यांनी बाजार जिंकला, ते बहुतांशी पांढऱ्याच्या चौकटीत राहूनच घडले. पांढऱ्यावर जेवढी थोडी मोकळीक मिळत होती, तेवढीच अतिशय विचारपूर्वक वापरली गेली आणि त्या मर्यादित जागेतूनच खेळाडूची व उत्पादकाची ओळख तयार झाली.

विंबल्डनने १९६३ मध्ये पोशाख प्रामुख्याने पांढरा असावा असा नियम केला. १९६८ मध्ये प्रमुख स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या, तेव्हा खेळाडूचे नाव आणि अंग दोन्ही उघडपणे विक्रीच्या कामी येऊ लागले. त्याआधीच, १९६७ च्या उन्हाळ्यात, बीबीसीने विंबल्डनचे सामने रंगीत दाखवायला सुरुवात केली होती. पांढऱ्या कपड्यावरची लाल किंवा निळी रेघ घरबसल्या दिसू लागली, ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. ही संधी इटलीतील उत्पादकांनी सर्वांत नेमकी ओळखली. सेर्जियो ताकिनी हा स्वतः टेनिसपटू. त्याने १९६६ मध्येच टेनिसच्या कपड्यांत रंग आणण्यासाठी कंपनी काढली. बिएल्ला या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी १९११ मध्ये स्थापन झालेली फिला कंपनी आतले कपडे विणत असे. १९७३ मध्ये ती क्रीडावेशाकडे वळली. तिचा रचनाकार पिएर लुइजी रोलान्दो याने केलेले, बारीक उभ्या रेघांचे आणि गडद कॉलरचे टी-शर्ट ब्यॉन बोर्गने घातले. बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विंबल्डन जिंकले. त्याचे लांब केस, कपाळावरची पट्टी आणि त्या रेघा मिळून एकच आकृती डोळ्यांत भरे. नियम मोडलेला नव्हता, तरी लांबूनही हा बोर्गच, हे कळत असे.

यावर कोणी म्हणेल की कपडे खपले ते विजयांमुळे, रचनेमुळे नव्हे. विजय आवश्यक होते, हे मान्य. पण ते पुरेसे नव्हते. रॉड लेव्हरने १९६९ मध्ये एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, तरी त्याचा शर्ट कोणाच्या स्मरणात नाही. उलट स्टॅन स्मिथची एकेरीतील प्रमुख विजेतेपदे दोनच : १९७१ ची अमेरिकन आणि १९७२ ची विंबल्डन. मुळात फ्रेंच खेळाडू रोबेर आये याच्यासाठी आदिदासने बनवलेला पांढऱ्या चामड्याचा बूट पुढे स्मिथच्या नावावर आला आणि आजही विकला जातो. त्या बुटावर कंपनीच्या तीन पट्ट्या रंगवलेल्या नाहीत, नुसत्या छिद्रांच्या ओळींनी सुचवल्या आहेत. रंग आहे तो टाचेवरच्या हिरव्या तुकड्याचा. संयमाचे इतके मोठे बक्षीस दुसऱ्या कुठल्या क्रीडावस्तूला क्वचितच मिळाले असेल. दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमी तरुण फिला, ताकिनी आणि एलेस्से या कंपन्यांचे कपडे रस्त्यावर मिरवू लागले, तेव्हा त्यांचा टेनिसशी फारसा संबंध नव्हता. त्यांना हवा होता तो कपड्याचा नेटकेपणा आणि छातीवरचे चिन्ह.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्त्रियांच्या टेनिसमध्ये रंगानेच बंड केले. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये बिली जीन किंगने बॉबी रिग्ज या पुरुष खेळाडूला ६-४, ६-३, ६-३ असे हरवले. त्या वेळचा तिचा रंगीत, चमकदार पोशाख रचनाकार टेड टिंलिंगने तयार केला होता आणि त्यामागची राजकीय जाणीव निःसंशय खरी होती. व्यावसायिक स्त्रियांच्या स्वतंत्र दौऱ्याला टिंलिंगच्या कपड्यांनी मिळवून दिलेला डौल कमी लेखणे अन्यायाचे होईल. तथापि तो पोशाख एका सामन्यासाठी होता. तो आज संग्रहालयात आहे, दुकानात नाही. आणि १९७२ मध्ये रोझी कॅसल्सच्या पांढऱ्या पोशाखावरील जांभळ्या नक्षीला विंबल्डनने हरकत घेतली, यावरून थोडासा रंगही किती बोलका ठरत होता हेच दिसते. आयोजकांनाही ही ताकद पुढे पुरती उमगली. १९९५ मध्ये ‘प्रामुख्याने’ पांढऱ्याऐवजी ‘जवळजवळ संपूर्ण’ पांढरा पोशाख सक्तीचा झाला, आणि २०१४ च्या नियमानुसार कॉलर व बाह्यांवरील रंगीत किनार एक सेंटिमीटरहून रुंद चालत नाही.