योगाभ्यास : आसन आणि पोथी

मुळशीशेजारच्या मावळात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासणाऱ्या या संशोधकाच्या संस्थेत पोथ्यांचाही कसून अभ्यास झाला. १९७० साली स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली ‘हठप्रदीपिका’ तेथूनच निघाली. प्रचलित पाठात चार उपदेश. या आवृत्तीत पाचवाही आहे. चुकीच्या अभ्यासातून उद्भवणारे विकार आणि त्यांवरील उपाय, हा त्याचा विषय. हस्तलिखिते जुळवणारे कुणी नसते, तर हा इशारा साधकापर्यंत पोहोचला नसता. योगात एम.ए. करू पाहणाऱ्याने म्हणूनच आसनांबरोबर पोथी वाचण्याचीही सवय लावून घ्यावी.