पडद्यावरच्या बाहुल्यांचे कुळ

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी जी श्यामला टेकडी आहे, तिच्या अंगाखांद्यावर या प्रांताने आपल्या स्मृतीची जवळजवळ सारी दप्तरे मांडून ठेवली आहेत. तलावाकडे उतरत जाणारे, चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९८२ साली उघडलेले भारत भवन याच टेकडीवर आहे. देशभरातल्या घरांचे व देवळांचे नमुने उघड्या आकाशाखाली उभे करणारे मानव संग्रहालय येथेच आहे. २०१३ साली सिद्ध झालेले जनजातीय संग्रहालय त्याच्या जवळपास आहे. आणि आकाशवाणी व दूरदर्शन यांची केंद्रेही या टेकडीवरच आहेत. ज्यांनी जपावे ते आणि ज्यांनी प्रक्षेपित करावे ते असे एकमेकांच्या सान्निध्यात नांदत असता, प्रक्षेपित झालेल्यातले एक कुळ विस्मृतीत जात आहे, याची खंत मला फार दिवस वाटत आली आहे. ते कुळ म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बोललेल्या बाहुल्यांचे.

आज जे पंचेचाळीस-पन्नाशीच्या घरात आहेत, त्यांना लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा पांढरा ससा अजून आठवतो; गुलजारांच्या ‘पोटली बाबा की’ या मालिकेचे नाव काढले की त्यांचा चेहरा क्षणभर उजळतो. परंतु त्या सशाच्या आत कोणाचा हात होता असे विचारले, तर दहांपैकी नऊ जण निरुत्तर होतात. मुखवट्याची ओळख राहिली आणि हाताची गेली, ही स्थिती मला साध्या विस्मरणापेक्षा अधिक दुःखद वाटते. कारण बाहुलीचे कुळ मोजावयाचे ते चेहऱ्यावरून नव्हे, हातावरून मोजावयाचे असते.

हे कुळ आपल्याकडे पुरातन आहे. ज्ञानेश्वरीत सायखड्याचा, म्हणजे सूत्राने नाचणाऱ्या बाहुलीचा, दृष्टान्त येतो. आणि दृष्टान्तासाठी कोणताही कवी श्रोत्यांच्या नित्य परिचयाचीच वस्तू निवडतो, यावरून तेराव्या शतकातील मराठी माणसाने हा खेळ अनेकवार पाहिलेला होता, हे अनुमान निर्वेध निघते. संस्कृत नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांची सूत्रे धरणारा असावा, असे मत आपल्या शंकर पांडुरंग पंडितांनी मांडले होते. पुढे १९०० साली रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने बाहुल्यांच्या खेळाचे माहेर भारतच होय, असा सिद्धान्त विस्ताराने प्रतिपादिला. त्या सिद्धान्ताची वादग्रस्तता मी नाकारीत नाही. पण सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ज्या निष्ठेने सांभाळल्या, ती निष्ठा कोणत्याही वादाच्या पलीकडची आहे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सरकारदरबारी या हातांची उशिरा का होईना नोंद झाली.

दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्या मात्र सरळ या शाखेतून आल्या नाहीत. आपल्याकडे त्यांचा मूळ पुरुष अर्धवटराव होय. प्रोफेसर यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास या बाहुल्याची कल्पना केली आणि शब्दभ्रमाची विद्या मराठी रंगमंचावर रुजविली. या विद्येचे मर्म सामान्य प्रेक्षकास वाटते तसे ‘पोटातून बोलणे’ नव्हे. आवाज कंठातूनच निघतो. तो किंचित कोंडून, जीभ मागे ओढून, दुरून आल्यासारखा केला जातो, आणि त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा हलला की प्रेक्षकाचा कान डोळ्याच्या हुकमतीत जातो व आवाज जबड्यातूनच आला असे मानू लागतो. खरी परीक्षा पुढेच असते. शब्दभ्रमकाराचे ओठ हलता कामा नयेत. आणि आपल्या वर्णमालेतील पवर्ग तर सारा ओष्ठ्य! प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्यावाचून उच्चारताच येत नाहीत. तेव्हा ‘प’च्या जागी ‘त’कडे झुकणारा, ‘ब’च्या जागी ‘द’कडे झुकणारा, ‘म’च्या जागी ‘न’कडे झुकणारा असा एक चोरटा उच्चार जिभेने साधावा लागतो, आणि तो इतक्या ओघात साधावा लागतो की श्रोत्याच्या मनाने तो स्वतःच दुरुस्त करून ऐकावा. मराठी मुलाचे पहिले शब्द कोणते? बाबा, मामा, पापा. ज्या भाषेत लडिवाळपणाचा सारा शब्दसंभार ओठांवर आहे, त्या भाषेत ओठ न हलविता मुलांना हसवावयाचे, हे काम किती कठीण असेल, याचा अंदाज आरशासमोर उभे राहून एक वाक्य बोलून पाहिल्याशिवाय येत नाही.

हीच विद्या वडिलांकडून रामदास पाध्ये यांच्याकडे आली. यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी १९६७ साली अर्धवटरावास घेऊन रंगमंचावर पदार्पण केले, आणि पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईस दूरदर्शन सुरू झाले. या दोन तारखांतील सान्निध्य मला फार महत्त्वाचे वाटते. कारण रंगमंचाची बाहुली आणि पडद्याची बाहुली यांची जात भिन्न आहे, आणि एकाच माणसाने दोन्ही जातींत सहज संचार करावा असा योग या सान्निध्यामुळे जुळून आला.

ही भिन्नता अमेरिकेत जिम हेन्सन याने प्रथम नीट ओळखली. १९५५ साली त्याने आईच्या टाकून दिलेल्या कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे घेऊन एक हिरवा जीव शिवला. तोच पुढे कर्मिट बेडूक म्हणून जगप्रसिद्ध झाला. हेन्सनच्या आधी दूरचित्रवाणीवाले बाहुल्यांसाठी लहानसा मंच बांधीत, त्याला पडदा लावीत आणि त्याचे चित्रण करीत. हेन्सनने तो मंच काढून टाकला. पडद्याची चौकट हाच मंच. चौकटीच्या खाली जे आहे ते प्रेक्षकाच्या दृष्टीने नाहीच. त्यामुळे बाहुलीवाल्यास ओठ लपविण्याचे कारण उरले नाही. तोच सर्वांगाने लपला. पण एका बंधनातून सुटून तो दुसऱ्यात सापडला. हात डोक्यावर उंच धरून, मान वाकवून, त्याने आपल्या पायाशी ठेवलेल्या चित्रफलकाकडे पाहावयाचे असते. त्या फलकावरचे चित्र आरशातल्यासारखे नसते, त्यामुळे डावी-उजवीची सवय मोडून नव्याने लावून घ्यावी लागते. बाहुलीच्या तोंडात चार बोटे वर आणि अंगठा खाली असतो. नवशिका बोलताना बोटे उचलतो आणि बाहुलीचे डोके मागे उलटते, तर जाणता कारागीर बोटे स्थिर ठेवून अक्षरागणिक केवळ अंगठा खाली आणतो. माणूस बोलताना खालचाच जबडा हलवितो, एवढे साधे निरीक्षण त्यात आहे. पण ते अंगवळणी पडावयास वर्षे लागतात. १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने ही रीत लहान मुलांच्या शिक्षणास जोडली, आणि मग जगभर तिची रोपे लागली.

लिज्जतचा ससा हा या दोन शाखांच्या संगमावर जन्मला. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन जो उद्योग आरंभिला, त्याच्या जाहिरातीसाठी रामदास पाध्ये यांनी ही बाहुली घडविली आणि तिला तिचे ते हसणे दिले. जाहिरात पापडाची होती, मुलांचा कार्यक्रम तो नव्हे, हे खरे. परंतु मुले अधिकारपत्रे तपासून प्रेम करीत नाहीत. त्यांनी तो ससा आपला मानला, आणि माझ्या मते त्यांचा निवाडा अचूक होता. कारण ज्या हाताने अर्धवटरावास अर्धे शतक बोलते ठेवले, तोच हात त्या सशात होता.

आता भोपाळची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानी नागपुराहून भोपाळास आली; तिच्याबरोबर सचिवालयातले कारकून, अंमलदार, त्यांची दप्तरे आणि त्यांची बिऱ्हाडेही आली. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. नव्या वसाहतीला तात्या टोपे यांचे नाव मिळाले आणि लोकांच्या तोंडी ती टी. टी. नगर झाली. पुढे विजेच्या अवजड सामानाचा सरकारी कारखाना आला, पिपलानी-गोविंदपुऱ्याकडे आणखी मराठी माणसे आली. घरात मराठी, अंगणात हिंदी, बाजारात उर्दूचा लहेजा, अशा त्रिविध बोलीत आमची मुले वाढली. दूरचित्रवाणी मात्र या प्रांतात आधी खेड्यांत आली आणि मग शहरांत. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे जो शैक्षणिक प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना संच मिळाले. मध्य प्रदेशाच्या वाट्याची खेडी त्या वेळच्या छत्तीसगढ विभागातील होती. सकाळचा वेळ मुलांसाठी राखून ठेवलेला होता. राजधानीच्या मुलांना या बाबतीत खेड्यातल्या मुलांच्या मागून जावे लागले, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

१९८२ साली दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत देशातल्या बहुतेक मोठ्या गावांत संच दिसू लागले. भोपाळचे स्वतःचे केंद्र १९९२ साली झाले. तोपर्यंत, आणि नंतरही, मुंबई केंद्रावरची मराठी बाहुली भोपाळच्या मराठी मुलास दिसत नसे. ‘किलबिल’ हे नाव त्याने ऐकलेले असे ते उन्हाळ्यात दादर-ठाण्याच्या आतेमामेभावंडांकडून. त्याच्यापर्यंत पोहोचला तो ससा, आणि तोही हिंदी बोलणारा. आपल्याच माणसाचा हात आपल्या घरातल्या पडद्यावर रोज येऊन जातो आणि आपण त्यास ओळखीत नाही, हे परमुलुखात राहणाऱ्या समाजाच्या वाट्याला येणारे एक विशिष्ट दैव आहे. आमच्या क्वार्टरमध्ये माझ्या मावशीने शाळेच्या पांढऱ्या मोज्याचा एक ससा शिवला होता : टाचेची जागा कपाळाला, डोळ्यांना सदऱ्याच्या दोन काळ्या गुंड्या, कानांत पुठ्ठा. त्या सशास तिने मराठी शिकविले. तो नागपुरी बोलत असे, ‘काहून गा’ म्हणत असे, आणि जेवायला न बसणाऱ्या मुलांची नावे घेऊन त्यांच्यावर फिर्याद गुदरीत असे. मावशी ओठ लपवीत नसे. आम्हांला तिच्याकडे पाहावयाचे सुचतच नसे.

मग या बाहुल्या विसरल्या का गेल्या? मुले मोठी होतात म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचू हीदेखील रामदास पाध्ये यांच्याच हातची बाहुली. ती पाहून भ्यालेली मुले आज बाप झाली, पण तात्या विंचू कोणी विसरले नाही, २०१३ साली तर तो दुसऱ्या चित्रपटातून परतला. चित्रपटाची प्रत राहते, ती पुनःपुन्हा दाखविली जाते. दूरचित्रवाणीच्या त्या काळातील कार्यक्रमाचे तसे नव्हते. मुद्रणफिती महाग होत्या; एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याचा प्रघात जगभरच्या केंद्रांत होता, आणि आपले दूरदर्शन त्यास अपवाद नव्हते. ज्या मुलाने बाहुली एकदाच पाहिली, त्याच्याजवळ तिचा दुसरा पुरावा काहीच नसतो; त्याची आठवण हाच एक दस्तऐवज, आणि त्यावर मोहोर उठवावयास कोणी नाही. २००६ साली सेसमीची भारतीय शाखा ‘गली गली सिम सिम’ या नावाने सुरू झाली, गणवेशातली चमकी आणि भांगड्याचा शोकीन सिंह बूंबा घराघरांत आले. फिती पुसण्याचा काळ तोवर संपला होता, म्हणून त्यांचे भवितव्य मला तितके चिंताजनक वाटत नाही.

आणखी एक शत्रू आहे, तो बाहुलीच्या पोटातच बसलेला असतो. पिंगुळीची लाकडी बाहुली पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चामड्याची छायाबाहुली नीट जपली तर टिकते. पण पडद्यावरची बाहुली स्पंजाची. तो हलका म्हणून हात डोक्यावर धरून तासन्‌तास काम करता येते, तो मऊ म्हणून अंगठ्याच्या हालचालीबरोबर गाल वळतात. आणि हाच स्पंज हवा व उजेड लागून काही वर्षांत पिवळा पडतो, कडक होतो, बोट लावताच त्याचा चुरा हातात येतो. बाहेरचे कापड शाबूत आणि आतला देह नाहीसा, अशी तिची अखेर होते. हे टाळावयाचे तर अंधार, बेताची थंडी आणि आर्द्रतेवर लक्ष ठेवणारा जाणता माणूस लागतो. तो खाजगी घरांना परवडणारा नाही.

संग्रहालयांना तो परवडतो. मानव संग्रहालयात मासेमारीच्या जाळ्यांना, धान्याच्या कणग्यांना, देवाच्या रथांना जागा मिळते, ती त्यांच्या किमतीमुळे नव्हे, त्यांच्यात माणसाचे हस्तकौशल्य साठलेले असते म्हणून. त्याच न्यायाने पडद्यावरच्या बाहुलीस तेथे जागा असावी. पण ती काचेमागे नुसती टांगून ठेवू नये. तिच्या नोंदीत तिच्या नावाआधी तिला चालविणाऱ्याचे नाव यावे. त्याने ‘प’ कसा उच्चारला, ‘म’ कसा टाळला, अंगठा कोठे ठेवला, हे त्याच्याच तोंडून मुद्रित करून घ्यावे. स्पंज कोणत्या जाडीचा, जबड्याची बिजागरी कशाची, हसताना खांदे हलवावयाचे की मान, हे सारे लिहून घ्यावे. पाध्ये घराण्यात ही विद्या आज सत्यजित पाध्ये यांच्या रूपाने तिसऱ्या पिढीत नांदते आहे आणि अर्धवटरावाने शंभरी ओलांडली आहे. म्हणजे विचारावयास माणसे आहेत, उत्तरे त्यांच्या हातांत आहेत, आणि टेकडीवर नोंदवहीही आहे.