पाव : एक शब्द, तीन कुळे

मराठीत ‘पाव’ दिसायला एकच. कुळे मात्र तीन. ‘पावशेर’मधला पाव संस्कृत ‘पादा’चा वंशज. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पावकी त्याच घरातली आणि हिंदीतला ‘पाँव’ तिचा सख्खा. ‘देवा, पाव रे’ यातला पाव ‘प्राप्’ धातूवरून आला. तिसरा भट्टीतला. लॅटिन ‘पानिस’चे पोर्तुगीजमध्ये अनुनासिक ‘पांव’ झाले. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्यांच्यासोबत हा शब्द इकडे आला. तोच जपानला जाऊन ‘पान’ झाला. गोव्यातला ‘पोदेर’ही पोर्तुगीजच.

तरीही ‘पायांनी मळतात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती आजही ऐकू येते. तिला ध्वनिसाम्यापलीकडे आधार नाही; जपानी ‘पान’मध्ये पाय कुठून येणार? पावाचा विटाळ मानणाऱ्या समाजाला ती सोयीची वाटली असावी. पीठ कोणी कसे मळले, हा प्रश्न वेगळा. नाव त्यावरून पडलेले नाही. तेव्हा त्या नावाच्या आधाराने भट्टीवरच्या माणसांना हिणवण्याचे निमित्तही उरत नाही.