हातांनीं शिकलेला धडा
रोमच्या बालगृहापासून कोसबादच्या टेकडीपर्यंत

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहतांना देवमंदिराच्या पायाभरणीचें स्मरण आपण आधीं करितों, आणि तें योग्यच होय. परंतु मंदिराच्या सावलींत जी लहानशी शाळा उभी राहते, तिलाही इतिहास असतो. आणि त्या इतिहासांतील एक प्रश्न अद्यापि मिटलेला नाहीं. सहा-सात वर्षांच्या बालकास सृष्टीचें ज्ञान द्यावयाचें तें पुस्तकाच्या पानांतून, कीं त्याच्या स्वतःच्या हातांतून व डोळ्यांतून? हा प्रश्न युरोपांत फार पूर्वींपासून चर्चिला गेला. त्याचें एक मोठें उत्तर मात्र आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डी व कोसबाद येथें, कष्टानें शोधण्यांत आलें. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

मनुष्याचें ज्ञान इंद्रियांपासून आरंभ पावतें, हें तत्त्व आम्हीं सेमिनरींत संत थॉमस अक्विनस यांच्या शिकवणींतून शिकलों. परंतु तत्त्व मान्य करणें निराळें आणि बालकाच्या वर्गांत तें आचरणांत आणणें निराळें. मोराव्हियाचे कोमेनियस यांनीं 1658 सालीं मुलांसाठीं चित्रमय पाठ्यपुस्तक छापून, शब्दाच्या शेजारीं वस्तु दाखविली पाहिजे, हा आग्रह धरिला. पुढें जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं 1837 सालीं लहान मुलांची संस्था काढिली व तीन वर्षांनीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘बालकांची बाग’ हें नांव दिलें. हें नांव केवळ अलंकारिक नव्हतें. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहान वाफा असावा आणि सर्वांचा मिळून एक सामाईक वाफा असावा, अशी त्यांची योजना होती. आपला वाफा सुकला तर दोष कोणाचा, हें मुलाला कोणी सांगावें लागत नाहीं. सामाईक वाफा फुलला तर श्रेय कोणाचें, हेंही त्याला उमगतें. 1851 सालीं प्रशियाच्या सरकारनें या बालोद्यानांवर बंदी घातली व ती 1860 सालीं उठविली. इतकी धास्ती त्या निरुपद्रवी वाफ्यांची राज्यकर्त्यांस वाटली!

यानंतरचें मोठें पाऊल रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तींत पडलें. 1907 सालच्या 6 जानेवारीस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं तेथें पहिलें बालगृह उघडिलें. त्या धंद्यानें वैद्य होत्या, म्हणून उपदेश करण्याआधीं त्यांनीं निरीक्षण केलें. आणि त्यांस दिसून आलें कीं, योग्य साधन हातीं दिलें असतां लहान मूल बराच वेळ एकाग्र राहतें. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मुलें अक्षर ओळखूं लागलीं, लाकडी ठोकळे उचलून जड-हलकें, लहान-मोठें यांतील भेद समजूं लागलीं.

आपणां कॅथॉलिकांस विशेष आपुलकीची वाटावी अशी एक गोष्ट या बाईंच्या चरित्रांत आहे. पोप दहावे पायस यांनीं 1910 सालीं सुमारें सात वर्षांच्या बालकांस ख्रिस्तप्रसादाचा मार्ग मोकळा करून दिला होता. त्यानंतर कांहीं वर्षांनीं स्पेनमधील बार्सिलोना येथील माँटेसोरी शाळेंत एक प्रयोग झाला. जमिनीचा एक तुकडा गव्हासाठीं व दुसरा द्राक्षवेलींसाठीं राखण्यांत आला. मुलांनीं पेरणी केली, रोपें वाढतांना पाहिलीं, हंगाम येतांच कापणीचा उत्सव केला. आणि वेदीवर जी भाकर अर्पण होते ती कशाची, हें त्यांस शेतांतच कळलें. वनस्पतिशास्त्र, ऋतुमान व धर्मशिक्षण या तीन गोष्टी तेथें वेगळाल्या तासांत वांटलेल्या नव्हत्या.

हे विचार आपल्या देशांत आले ते प्रथम गुजराथेंत रुजले. गिजुभाई बधेका यांनीं 1920 सालीं भावनगर येथें बालमंदिर काढिलें. 1892 सालीं मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांस तेथें येऊन मिळाल्या, आणि 1926 सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 1936 सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला. खुद्द माँटेसोरीबाई 1939 सालीं मद्रासेस आल्या. युद्धामुळें 1946 पर्यंत त्यांचा मुक्काम या देशांतच राहिला, आणि त्यांपैकीं कांहीं काळ कोडाईकनालच्या डोंगरांत मोठ्या मुलांसाठीं निसर्गशिक्षणाचा विस्तार करण्यांत गेला.

परंतु शहरांतील बालमंदिरें चालवितांना ताराबाईंच्या मनांत एक बोचणी राहिली. माँटेसोरीचें साहित्य महाग. तें विकत घेऊं शकणारी शाळा श्रीमंतांची. मग ज्या रोममधील दरिद्री वस्तींत ही पद्धति जन्मली, तिच्यासारख्या आपल्या वस्त्यांचें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं त्या 1945 सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डीस आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षीं लग्न व सहा महिन्यांच्या आंत वैधव्य, असें दुःख वांट्यास आलेल्या या बाईंनीं शिक्षण पुरें करून शिक्षिकेचें व्रत घेतलें होतें. बोर्डीस त्या आल्या त्या पुन्हां मागें फिरल्या नाहींत.

वारली पाड्यांवरील मुलें बालवाडींत येईनात, हें त्यांस लवकरच दिसून आलें. दुसऱ्या कोणी आईबापांस अडाणी ठरविलें असतें. या दोघींनीं निराळा विचार केला: मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें. अशा रीतीनें ‘अंगणवाडी’ जन्मास आली. शिक्षिकेनें पाड्यावर जावें, मुलांस न्हाऊं घालावें, नखें कापावीं, आणि झाडाखालीं बसून धडा सुरू करावा. साधनें कोणतीं? शंख-शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें, काटक्या. महागड्या ठोकळ्यांनीं जें साधावयाचें, तें शिंपल्यांची लहान-मोठी रांग लावून व बिया मोजून साधलें. 1957 सालीं कार्य कोसबादच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली: गुरें कुरणांत चरत, आणि राखणारीं मुलें तेथेंच शिकत. ज्या मुलीस धाकटें भावंड सांभाळावें लागे, तिच्यासाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणिल्या. तिला ‘विकासवाडी’ म्हणत. धाकटें पाळण्यांत निजलें म्हणजे थोरलीचा हात पाटीसाठीं मोकळा होई.

ताराबाई 1973 सालीं निवर्तल्या, अनुताई 1992 सालीं. मध्यंतरीं 1975 सालीं सरकारनें देशभर एकात्मिक बालविकास योजना आरंभिली आणि तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. आपल्या किनाऱ्यावरील एक मराठी शब्द अशा रीतीनें साऱ्या भारताचा झाला. परंतु नांव पसरलें म्हणजे तत्त्वही पसरलें, असें म्हणतां येईल काय?

या प्रश्नानें आम्हांस आपल्या शाळांकडे पाहावयास लाविलें आहे. एके काळीं वसईकडच्या मुलास रहाट, बावखल, वालाचा मांडव व केळीची बाग यांची ओळख शाळेंत यावयाच्या आधींच असे. शाळेनें केवळ तीस नांव द्यावयाचें उरे. आज विहिरी बुजल्या, वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, आणि त्याच मुलाचा नातू बीं कसें रुजतें हें चित्रांत पाहतो. पूर्वीं शेत जें शिकवीत असे तें आतां शाळेनें शिकविलें पाहिजे, आणि त्यास खर्चही फारसा नाहीं.

वालाचे चार दाणे ओल्या फडक्यांत ठेवावेत. माती नसतांही मोड येतो. कां? दाण्याच्या दोन डाळिंब्यांत रोपट्याची पहिली शिदोरी आईनें बांधून द्यावी तशी बांधलेली असते. ती सरली म्हणजे त्यास उजेड व माती हवी. तोंवर तें कोणाचें कांहीं मागत नाहीं. पावसाळ्यांत सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवून रोज सकाळीं पट्टीनें पाणी मोजावें. बरणीचें तोंड लहान असो वा मोठें, पाण्याची उंची सारखीच भरते, हें पाहून मुलें चकित होतात आणि त्यांतूनच त्यांस मोजमापाचें मर्म कळतें. शाळेच्या अंगणांत एक काठी उभी रोवून दर आठवड्यास मध्यान्हींची सावली खुणेनें नोंदवावी. थंडींत ती लांब पडते, आणि मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास, सूर्य नेमका डोक्यावर आला म्हणजे, ती पायथ्याशीं लोपते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यांतही असा एक दिवस पुन्हां येतो, पण तो बहुधा ढगांत बुडतो. ज्यानें तीन वर्षें ही सावली मोजली, त्यास ऋतु कां होतात हें समजावून देणें सोपें जाईल.

कोणी म्हणेल, असे खेळ खेळत बसलें तर परीक्षेचें काय? आम्ही एवढेंच म्हणूं कीं, ज्या मुलानें स्वतः पाऊस मोजला त्यास पर्जन्याचा धडा पाठ करावा लागत नाहीं. आणि ज्यानें तो केवळ पाठ केला, त्यास तो परीक्षेनंतर आठवत नाहीं. दुसरें असें कीं, या रीतीनें गरिबाचें मूल व सधनाचें मूल एकाच पंक्तीस बसतें. बी, ऊन आणि पाऊस कोणाची फी मागत नाहींत.

धर्मग्रामस्थांस आमची विनंती आहे कीं, या महोत्सवाच्या वर्षीं मंदिराच्या रंगरंगोटीबरोबर शाळेच्या आवारांतील एक कोपरा मुलांच्या वाफ्यांसाठीं मोकळा सोडावा. ज्या आजोबांस वालाची पेर ठाऊक आहे, ज्या आजींस पावसाळी रानभाज्या ओळखतां येतात, त्यांनीं आठवड्यांतून एक तास त्या कोपऱ्यास द्यावा. कारण ही विद्या त्यांच्यापाशीं आहे तोंवरच ती घेतां येईल. परमेश्वरानें मनुष्यास प्रथम बागेंतच ठेविलें, तिची मशागत व राखण करण्यासाठीं. आपल्या लेकरांसही त्या कामाचा आरंभ तेथूनच करूं द्यावा.