घोडा, गूळ आणि लेबल

आजच्या भागाची सुरुवात एका कंपनीच्या नावापासून करू. नाव होतं 'ड्राप'. सायप्रसमध्ये नोंदलेली, मांसाचा व्यापार करणारी कंपनी. डच भाषेत घोड्याला 'पार्ड' म्हणतात. त्याची रोमन अक्षरं उलटी लिहिली की होतं 'ड्राप'. उत्तर नावातच होतं, पण कुणी वाचलंच नाही.

15 जानेवारी 2013. आयर्लंडच्या अन्न सुरक्षा खात्यानं बीफ बर्गरच्या 27 नमुन्यांचा निकाल जाहीर केला. त्यातल्या 10 मध्ये घोड्याचा डीएनए निघाला. एका बर्गरमध्ये तर 29 टक्के मांस घोड्याचं. महिन्याभरात तयार लझानियाही पकडला गेला. त्यातलं मांस रोमानियातून निघालं तेव्हा कागदावर ते घोड्याचंच होतं. मधल्या व्यापाऱ्यांच्या हातून जाताना ते 'बीफ' झालं, आणि फ्रान्स-लक्झेंबर्ग करत इंग्लंडच्या दुकानात पोचलं. 2019 मध्ये पॅरिसच्या कोर्टानं यातल्या एका डच व्यापाऱ्याला दोन वर्षांची शिक्षा दिली.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? स्वस्त माल, त्यावर महाग नाव, आणि खाणारा इतका लांब की विचारायला येणार नाही. एवढ्या तीन गोष्टी जमल्या की झालं. आमच्याकडे हे गुळात होतं.

माझं गाव दौंड तालुक्यात, आजोळ शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं आणि त्याचा उजवा कालवा पाटसपर्यंत आला. पाणी आलं, मागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली. पण गुळाचं नाव झालं कोल्हापूरचं. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथला गूळ देशभर गेला, आणि 'कोल्हापुरी' हे नावच भाव ठरवायला लागलं. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालं, म्हणजे त्या भागाबाहेरच्या गुळाला ते नाव लावायचं नाही. तरीही कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, अशी तक्रार तिथले शेतकरी वर्षानुवर्षं करतायत.

आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. शाळेतून आलो की मी काहिलीजवळ जाऊन बसायचो. रस उकळायचा, रानभेंडीचा चीक घातला की मळी वर यायची, गुळव्या ती काढून टाकायचा. पाक कधी उतरवायचा हे त्याला नुसत्या वासावरून कळायचं. एक टन उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. आता विचार करा, बाजारात साखर गुळापेक्षा स्वस्त असेल तर? पोतंभर साखर काहिलीत ओतली की ढेपा वाढतात, कडक होतात, रंग उजळतो. त्यात हायड्रॉस पावडर टाकली की आणखी पिवळ्या. आणि गिऱ्हाईकाला पिवळाच गूळ हवा असतो. चांगला काळसर गूळ दाखवला की म्हणणार, "हा जुना दिसतोय."

रात्री टेम्पोतून साखर उतरताना मी पाहिलीय. सातवीत असेन. चुलते एवढंच म्हणाले, "पाहुण्यांसमोर बोलू नको." आम्ही एकटेच नव्हतो. दौंडच्या गुऱ्हाळांवर अन्न व औषध प्रशासनानं छापे घातल्याच्या, साखर जप्त केल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कारखान्याचं बिल थकलं की शेतकरी गुऱ्हाळाला ऊस घालतो, कारण तिथे रोख मिळतात. व्यापारी भाव पाडतो, गुऱ्हाळवाला साखर ओततो. प्रत्येकाकडे कारण आहे. ज्यानं साखर घातली नाही त्याचा काळा गूळ मात्र तसाच पडून राहतो. भेसळीचा पहिला मार खाणाऱ्याच्या आधी प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याला बसतो.

आता यातला इंजिनिअरिंगचा प्रॉब्लेम बघा. घोडा डीएनएनं पकडला. इथे डीएनए चाचणी काय करणार? गूळही उसाचा, साखरही उसाचीच. तयार ढेपेकडे बघत बसण्यापेक्षा गुऱ्हाळात आत काय काय आलं, याची नोंद हवी. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लॉग म्हणतो. आणि हे अशक्य नाही. पुण्याहून दौंडला जाताना वाटेत मांजरी लागतं. तिथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, माल अडकला. त्यानंतर अपेडानं निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि तपासणी सुरू केली, 2006 मध्ये ग्रेपनेट आणलं. आज युरोपातल्या पेटीवरून द्राक्ष कुठल्या बागेतलं हे काढता येतं. आमच्या ढेपेला मात्र गावही नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट होतो, न्यू जर्सीला. इंडियन स्टोअरमध्ये पिवळाधमक गूळ दिसला, वर लिहिलेलं 'अस्सल कोल्हापुरी'. खरा असेलही. मी पाकीट हातात घेऊन उभा राहिलो आणि मला काही ठरवता येईना. गुऱ्हाळात वाढलेला पोरगा मी!

तिथूनच चुलत्यांना फोन लावला. गुऱ्हाळ बंद होऊन बरीच वर्षं झालीत. विचारलं, "नाना, आपला गूळ कुठल्या नावानं जायचा?"

"पोत्यावर व्यापाऱ्याचं नाव. पुढं काय लिहितो ते त्यालाच माहीत."

"आणि आपण घरी खायचो तो?"

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरच्याची काहील वेगळी असायची रे. तिच्यात काही घालत नव्हतो."

मी पाकीट परत ठेवलं. आमच्या घरातला गूळ काळाच असायचा, हे मला तोवर आठवलंही नव्हतं.

मंडळी, तुमच्याकडे गुऱ्हाळ असेल तर घरचा गूळ कुठल्या रंगाचा आहे ते बघा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.